ग्लोव्ह घातला म्हणजे हात स्वच्छ झाला, असं नाही

नर्सिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मथळा आहे 'सुपरबगला स्टाफने घाबरू नये'. खाली कुणा डॉक्टरचं नाव नाही, संस्थेचं नाव नाही, तारीखही नाही. मला तो भाचीने पाठवला. ती नुकतीच एका आयसीयूत रुजू झाली आहे. सोबत तिने लिहिलं होतं, "आत्या, आमच्या इनचार्ज सिस्टरनीच टाकलाय. म्हणजे बरोबरच असेल ना?"

बरोबर नाही. हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये मी अर्धं आयुष्य कल्चरच्या प्लेटा, म्हणजे पेशंटच्या नमुन्यातले जंतू ज्यांवर वाढवतात त्या ताटल्या, बघण्यात घालवलं आहे. आयसीयूत काम करणारी पोर हा मेसेज खरा मानून ड्यूटीला जाणार असेल, तर मला गप्प बसता येणार नाही.

मेसेजमधले दावे थोडक्यात असे आहेत. औषधांना दाद न देणारा जंतू अँटिबायोटिक जास्त घेतलेल्या पेशंटच्या शरीरात तयार होतो आणि तिथेच राहतो, स्टाफचा त्याच्याशी संबंध नाही. ग्लोव्हज घातले असतील तर हात धुण्याची किंवा हँडरब (हातावर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण) लावण्याची गरज नाही. हँडरबमुळेच जंतू तगडे होतात, म्हणून तो कमीत कमी वापरावा. कल्चरचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येईपर्यंत वेगळी काळजी घ्यायचं कारण नाही. जंतू मुख्यतः हवेतून पसरतात, तेव्हा वॉर्डात फॉगिंग करावं आणि कापूर जाळावा. स्टाफची इम्युनिटी तयार झालेली असते, त्यांच्याकडून कुणाला काही होत नाही. आणि शेवटी, इन्फेक्शन झालं की स्टाफला दोष देणं बंद करा.

पहिल्या दाव्याचा अर्धा भाग खरा आहे. अँटिबायोटिकचा मारा झाला की साधे जंतू मरतात आणि दाद न देणारे उरतात, वाढतात. पण 'तिथेच राहतो' हे कुठून आणलं? क्लेबसिएला, ई-कोलाय यांच्यात ही ताकद देणारे जीन बऱ्याचदा प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूमधल्या डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर, असतात, आणि एक जंतू दुसऱ्या जंतूला, अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूलाही, ते प्लाझ्मिड देऊ शकतो. एनडीएम-१ हे नाव बहुतेक सिस्टरांनी ऐकलेलं असतं. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका पेशंटच्या लघवीत सापडलेल्या क्लेबसिएलात हा जीन पहिल्यांदा ओळखला गेला. तो पेशंट आधी दिल्लीच्या हॉस्पिटलात उपचार घेऊन गेला होता. त्याच पेशंटच्या शौचातल्या ई-कोलायमध्येही तोच जीन निघाला. २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आपल्याकडचे नमुने प्रसिद्ध केले. कार्बापेनेम या शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिकना दाद न देणारे २४ नमुने होते, त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ होता. ज्याच्या त्याच्या शरीरात तो वेगवेगळा जन्माला आला, असं कुणाला वाटत असेल तर त्याने पुढची हकिकत वाचावी.

अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं संशोधन हॉस्पिटल आहे. जून २०११ मध्ये न्यूयॉर्कहून एक पेशंट तिथे आली. तिच्या अंगात कार्बापेनेमला न जुमानणारा क्लेबसिएला आहे हे आधीच माहीत होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून तिला आयसोलेशनमध्ये ठेवलं होतं. गाऊन, ग्लोव्हज, सगळं होतं. जुलैच्या मध्यावर ती घरी गेली. तीन आठवड्यांनी दुसऱ्याच एका पेशंटच्या कल्चरमध्ये तसाच जंतू आला. मग आणखी एक, मग आणखी एक. एकूण १८ पेशंटना तो लागला. त्यांतले ११ दगावले आणि त्यांपैकी ६ मृत्यू थेट या इन्फेक्शनमुळे झाले. शास्त्रज्ञांनी प्रत्येक पेशंटच्या जंतूचा पूर्ण जीनोम वाचून एकमेकांशी ताडून पाहिला. सगळे धागे त्या पहिल्या पेशंटपर्यंत जाऊन पोचले. सिंकच्या ड्रेनमध्ये तो सापडला. साफ केलेल्या एका व्हेंटिलेटरवरही सापडला. हा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही जगभर शिकवला जातो. इतकी साधनं असलेल्या ठिकाणी जंतू एका पेशंटकडून दुसऱ्याकडे गेला. मध्ये फिरत होती ती माणसं आणि सामान.

मेसेजमधल्या 'रिपोर्ट येईपर्यंत काळजी नको' या दाव्याचं उत्तरही याच हकिकतीत आहे. त्या १८ जणांपैकी बरेच जण नुसते वाहक होते. ताप नाही, पू नाही, काही नाही. मुद्दाम स्वॅब घेतले तेव्हा कळलं. आमच्याकडे नमुना आला की जंतू वाढायला, ओळखायला आणि कुठलं औषध चालतं ते बघायला दोन ते तीन दिवस लागतात. त्या दोन-तीन दिवसांत त्या पेशंटला किती हात लागतात? सक्शन, पोझिशन बदलणं, डायपर, युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करणं, आयव्ही लाइन. रिपोर्ट हातात पडेपर्यंत जंतू शेजारच्या बेडवर पोचलेला असू शकतो.

आता ग्लोव्हज. सगळ्या मेसेजमध्ये मला सर्वात जास्त संताप याच ओळीचा आला, कारण ती ऐकायला पटते आणि तिनेच सर्वात जास्त नुकसान होणार आहे.

ग्लोव्ह घातलेल्या सिस्टरचा हात सुरक्षित असतो हे खरं. पेशंट सुरक्षित असतो का? चिखलातून गमबूट घालून आलेल्या माणसाचे पाय कोरडे राहतात, पण घरभर चिखल त्याच बुटांनी होतो. तीन नंबरच्या बेडवर सक्शन केलं, त्याच ग्लोव्हने मॉनिटरचा अलार्म बंद केला, पडदा सरकवला, फाइलवर नोंद केली, खिशातला फोन काढला आणि चार नंबरच्या सलाइनचा वेग बदलला. ग्लोव्ह फाटला नाही, सिस्टरच्या हाताला काही लागलं नाही, आणि तीन नंबरचा जंतू चार नंबरला मिळाला. अ‍ॅसिनेटोबॅक्टरसारखा जंतू कोरड्या पृष्ठभागावर काही दिवस, कधी काही महिनेही जिवंत राहतो. बेडचं रेलिंग, बीपीचा कफ, इन्फ्युजन पंपाचं बटण ही त्याची ठिकाणं.

शिवाय ग्लोव्हला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असू शकतात, आणि काढताना बाहेरची बाजू मनगटाला, बोटांना लागतेच. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे: ग्लोव्ह हा हात स्वच्छ करण्याला पर्याय नाही. घालण्याआधी हात स्वच्छ आणि काढल्यावर पुन्हा स्वच्छ. त्यांनी पाच वेळा ठरवून दिल्या आहेत. पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त, लघवी, थुंकी अशा स्रावांशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. ही शेवटची वेळ सगळ्यात जास्त विसरली जाते, कारण 'मी पेशंटला कुठे हात लावला, नुसता पंप बघितला' असं वाटतं. ग्लोव्ह चढवल्याने यांतली एकही वेळ टळत नाही.

कोविडमध्ये ग्लोव्हवरच सॅनिटायझर चोळून दिवसभर तीच जोडी वापरण्याची सवय लागली. अनेक ठिकाणी ती अजून गेलेली नाही. या मेसेजने त्या सवयीला शास्त्राचा शिक्का मिळाल्यासारखं झालंय. बांगड्या, अंगठ्या, मनगटावरचा धागा आणि घड्याळ यांचंही तसंच. त्यांच्याखालची कातडी रबने नीट स्वच्छ होत नाही, आणि वर ग्लोव्ह ओढला की आतलं काही दिसतही नाही.

हँडरबने जंतू तगडे होतात, या दाव्यात एक कण सत्य आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. २०१८ मध्ये मेलबर्नच्या हॉस्पिटलांमधल्या एन्टेरोकॉकस फेसियम या जंतूच्या जुन्या आणि नव्या नमुन्यांची तुलना प्रसिद्ध झाली. नवे नमुने अल्कोहोल जास्त सहन करत होते. उंदरांच्या पिंजऱ्यांवर केलेल्या प्रयोगात ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावरही हा सहनशील जंतू जास्त टिकला. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या बीजाणूंना तर अल्कोहोल मारतच नाही, तिथे साबण आणि पाणीच हवं. इथपर्यंत ठीक.

पण यावरून 'रब वापरू नका' हा निष्कर्ष काढणं म्हणजे माणसं मारणं आहे. जिनिव्हाच्या विद्यापीठ हॉस्पिटलमध्ये दिदिए पिते या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ च्या अखेरीपासून बेडजवळ रब ठेवून, सतत शिकवून, मोजून दाखवलं. योग्य वेळी हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं. रबचा वापर दर हजार पेशंट-दिवसांमागे (एक पेशंट एक दिवस भरती, तो एक पेशंट-दिवस) साडेतीन लिटरवरून पंधरा लिटरच्या वर गेला. आणि एमआरएसए या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूचं पसरण्याचं प्रमाण दर दहा हजार पेशंट-दिवसांमागे २.१६ वरून ०.९३ वर आलं. रब चौपटीने वाढला आणि औषधाला दाद न देणारा जंतू निम्म्याहून कमी पसरला. मेसेज लिहिणाऱ्याकडे याच्या उलट दाखवणारं काही असेल तर त्याने ते नावासकट समोर ठेवावं.

फॉगिंग आणि कापूर यांवर फार शब्द घालवत नाही. आपण ज्या जंतूंबद्दल बोलतोय ते मुख्यतः हातांनी आणि वस्तूंनी जातात, आणि धुराने बेडचं रेलिंग पुसलं जात नाही. पेशंट असलेल्या जागी जंतुनाशकाचं फॉगिंग नेहमीचं काम म्हणून करू नये, असं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने कधीच सांगून ठेवलं आहे. व्हेंटिलेटरवरच्या माणसाशेजारी, जिथे ऑक्सिजन चालू असतो, तिथे कापूर पेटवणं हा तर सरळ आगीचा धोका आहे.

इम्युनिटीचा दावाही असाच. स्टाफला आजार होत नाही म्हणून जंतू हातावर बसत नाही, असं नाही. निरोगी माणसाच्या हातावर, नाकात, आतड्यात तो काही त्रास न देता राहू शकतो.

राहिला शेवटचा मुद्दा, दोष न देण्याचा. इथे मी मेसेजशी भांडणार नाही. पाच वेळा पाळायच्या तर दर वेळी रबला वीस ते तीस सेकंद जातात. रात्रपाळीला एका सिस्टरवर भरमसाट पेशंट टाकले, रबची बाटली बेडजवळ न ठेवता लांब नर्सिंग स्टेशनवर ठेवली, ग्लोव्हजचं बॉक्स मोजून दिलं, तर पाचही वेळा पाळल्या जाणं शक्य नाही. कामाचा ताण वाढला की हात स्वच्छ करणं कमी होतं, हेही जिनिव्हातच नोंदलं गेलं. आणि त्याच नोंदीत डॉक्टर नर्सपेक्षा मागे होते. राउंडला एकापाठोपाठ एक पेशंटच्या छातीवर तोच स्टेथोस्कोप टेकवणाऱ्या सरांना हटकायची हिंमत नव्या सिस्टरला कशी होणार? मावशी आणि मामांना, म्हणजे वॉर्डातल्या आया आणि वॉर्डबॉयना, तर ट्रेनिंगला बसवतच नाहीत. युरोबॅग रिकामी करायचं एकच भांडं सगळ्या बेडांवर फिरतं, आणि त्यातून काय होतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दोष द्यायचा नसेल तर स्टाफ द्या, बाटल्या द्या, प्रत्येक पेशंटला वेगळं भांडं द्या, आणि ट्रेनिंगमध्ये मावशींना पहिल्या रांगेत बसवा. 'तुमच्या हातांचा काही संबंध नाही' असं खोटं सांगून स्टाफचं भलं होत नाही.

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ग्रुपवर इनचार्ज सिस्टरना उलट उत्तर देणं तिला अवघड वाटतंय, ते मी समजू शकते. म्हणून तिला एवढंच सुचवलं, की त्यांना एकटीने भेट, हॉस्पिटलच्या इन्फेक्शन कंट्रोल नर्सना सोबत घे आणि 'मॅडम, हा मेसेज ग्रुपवरून काढूया का' असं विचार. ज्यांच्या ग्रुपवर तो आला असेल त्यांनीही हेच करावं. आणि काढताना पाच वेळांचा तक्ता त्याच जागी टाकावा, मराठीत, मावशींना वाचता येईल असा.