‘ताई, बाहुल्यांसोबत काहून बोलता?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’ या ऑनलाइन गेममधल्या सोबत्यांवर, म्हणजे कम्प्युटरच चालवतो अशा कंपॅनियन पात्रांवर, लिहिलं होतं. त्याखाली एका भावाची प्रतिक्रिया आली. नाव दिलेलं नाही, पण गाव भाषेवरूनच कळलं. प्रतिक्रिया लांब आहे, गाभा तेवढा देते:

“ताई, ऑनलाइन गेम माणसांसोबत खेळायसाठी असते. तुम्ही बाहुल्यांसोबत काहून बोलत बसता? त्या व्हेटला गिफ्ट दिली का तिचं प्रेम वाढते, म्हणजे मशीनमध्ये नाणं टाकल्यासारखंच झालं. अन् काहीही निवडा, शेवट तोच. गोष्टच पाहिजे असन तर कादंबरी वाचा ना.” आणि सगळ्यात खाली: “व्हेट मेली तेव्हा तुम्ही खरंच रडल्या का?”

भाऊ, उत्तराला उशीर झाला. तुमचे दीड मुद्दे बरोबर आहेत आणि ते कबूल करायला मला चार दिवस लागले.

गिफ्टचं म्हणणं सोळा आणे खरं. ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. २० डिसेंबर २०११ ला तो आला तेव्हा त्यात आठ क्लास, म्हणजे नायकाचे प्रकार, होते, चार रिपब्लिकच्या बाजूचे, चार सिथ साम्राज्याच्या. प्रत्येक क्लासची वेगळी गोष्ट, प्रत्येकाला पाच सोबती, शिवाय जहाजावर कामाला एक रोबोट. तुम्ही कोणाशी बोलताना जे निवडाल ते शेजारी उभ्या सोबत्याला पटलं की पडद्यावर अधिक गुण, नाही पटलं की उणे. मी साम्राज्याच्या बाजूचा सिथ वॉरियर खेळायची; व्हेट आणि क्विन हे त्याचे दोन सोबती. व्हेटला दुष्टपणा खपायचा नाही आणि क्विनला साम्राज्याविरुद्ध एक शब्द खपायचा नाही. उणे झालेलं भरून काढायला गिफ्ट. क्विनला लष्करी सामान आवडतं, ते दिलं की गडी खूश. पाप करायचं आणि मग मारुतीपुढे नारळ फोडायचा, तसाच हिशेब. तुमची नाण्याची उपमा मी बिनशर्त घेते.

त्याहून लबाड प्रकार तुम्हाला माहीत नसेल, तो मीच सांगते. काही वाईट करायचं असलं की मी व्हेटला आधी जहाजावर परत पाठवायची आणि क्विनला बोलवायची. कैद्याला मारलं, क्विनकडून अधिक गुण घेतले, मग पुन्हा व्हेट. हे मी कितीतरी दिवस केलं. गुण वाचवायला, असं तेव्हा स्वतःला सांगायची. पण त्या वेळी १०,००० ला गुणांची मर्यादा संपायची. व्हेटचे गुण भरले, तिच्याकडून मिळवायचं काही उरलं नाही, तरीही कैद्याला मारायच्या आधी मी तिला जहाजावर पाठवतच राहिले. आता सांगा, नाण्याच्या मशीनपासून कोणी काही लपवतं का?

व्हेट माझ्याकडे आली कशी तेही सांगते, कारण कादंबरीचं उत्तर त्यातच आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात गेम फुकट झाला आणि पुढच्या मे महिन्यात आमच्या घरी पोचला. कूलर हॉलमध्ये होता, म्हणून कम्प्युटरही हॉलमध्ये. वाळ्याचा वास, पंपाची गुरगुर, आणि एकाच खुर्चीवर अर्धी अर्धी बसलेली मी आणि माझा धाकटा भाऊ. कोरिबान ग्रहावरच्या तुरुंगात जेलर एक पोरगी आपल्या हवाली करतो. तिच्या गळ्यात विजेचा पट्टा, आणि त्याचं बटण आपल्या हातात. बोलायच्या पर्यायांतच ‘झटका दे’ असाही एक पर्याय. भावाने माझ्या हातातून माऊस ओढून तोच दाबला. ती जी किंचाळली, आई स्वयंपाकघरातून पोळपाट-लाटणं टाकून धावत आली. “कोणाचं लेकरू रडून राहिलं?”

आम्ही हसलो. मग ती पोरगी काहीतरी टोमणा मारून पुढे चालू लागली आणि पर्याय पुन्हा आला. भावाने माऊस मला परत दिला.

या गेममध्ये दोन लाखांहून जास्त संवाद आवाजात मुद्रित केलेले आहेत, त्यासाठी गिनेसमध्ये नोंदही झाली. आकड्याचं मला कौतुक नाही. पण तीच किंकाळी कागदावर छापलेली असती, तर आई पोळ्या सोडून आली नसती आणि भावाने माऊस परत दिला नसता. कादंबरी मी वाचतेच हो भाऊ, घरी ढीग आहे. मात्र कादंबरीने मला कधी ‘झटका देतेस का?’ असं विचारलेलं नाही.

आता क्विन. माझं खरं म्हणणं त्याच्याभोवती आहे आणि मागच्या लेखात ते नीट मांडलं नव्हतं, ही माझी चूक.

मालाव्हाय क्विन हा वॉरियरला बाल्मोरा ग्रहावर भेटतो. शिस्तीचा, इस्त्रीचा, बोलणं एकदम सरकारी. जुन्या गेममध्ये प्रत्येक सोबत्याचं काम ठरलेलं होतं. कोणी मार खायला, कोणी मार द्यायला, कोणी जखम भरायला. वॉरियरच्या पाचांत जखम भरणारा एकच, क्विन. जहाजावरचा रोबोटही थोडंफार करायचा, पण त्याच्या भरवशावर मोठी लढाई म्हणजे तापावर नुसती पट्टी. त्यामुळे आवडो न आवडो, अवघड जागी क्विन सोबत हवाच.

आणि हाच माणूस तिसऱ्या अंकात दगा देतो. एका अवकाश स्थानकावर नेतो आणि दोन यंत्रमानव पुढे उभे करतो. इतके दिवस तो माझ्या मागे उभा राहून जखमा भरत होता तेव्हाच मी कसा वार करते, कुठे चुकते, हे टिपून घेत होता. त्या टिपणांवरून ते दोघे खास मला मारायला घडवलेले. मला तो प्रसंग अजून आठवतो, कारण रागाआधी एक खुळा प्रश्न डोक्यात आला होता: मग आता हीलर कोण?

गेममध्ये तिथे त्याला मारता येत नाही. गळा आवळता येतो, शिव्या देता येतात, पण तो जहाजावर परत येतो आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा जखमा भरतो. (गेम बाजारात यायच्या आधीच्या चाचण्यांत सोबत्याला मारायची सोय होती, ती पुढे काढून टाकली.) तुम्ही म्हणाल, हीच ती खोटी निवड. मलाही तेव्हा तसंच वाटलं, संतापले होते. पण पुढचे कितीतरी दिवस मी त्याला सोबत घेऊन फिरले आणि एकदाही मनापासून त्याच्याशी बोलले नाही. लढाई झाली की लगेच परत पाठवायची. आमच्या गावाकडे एक काका आहेत, वाटणीच्या वेळी त्यांनी काय केलं ते सगळ्या घराला ठाऊक आहे. आजीला रात्री दवाखान्यात न्यायचं झालं की जीप त्यांचीच. बाबा पुढच्या सीटवर बसायचे आणि नागपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघायचे. क्विनसोबतचे माझे ते दिवस अगदी तसे होते.

सोबती जिवंत वाटतो तो सुंदर लिहिल्यामुळे कमी आणि आपलं त्याच्यावाचून अडतं म्हणून जास्त, असं मी म्हणते आहे. क्विनवाचून माझं अडत होतं. म्हणून त्याचा दगा मला गोष्टीतला दगा वाटला नाही, घरातला वाटला.

तुमचा अर्धा मुद्दा इथे येतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘नाइट्स ऑफ द फॉलन एम्पायर’ हा मोठा विस्तार आला आणि त्याबरोबर सोबत्यांची ठरलेली कामं गेली. आता कोणीही सोबती काहीही करू शकतो. व्हेटही जखमा भरते, रानटी ब्रूनमार्कही भरतो. सोय झाली, नाही कशाला म्हणू? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. दोन महिन्यांनी लक्षात आलं की मी क्विनवर रागावलेली नाही, कारण आता तो लागतच नाही. त्याच विस्तारात आठही क्लासांची गोष्ट एकच झाली. नायक पाच वर्षं कार्बोनाइटमध्ये गोठून पडतो, जागा होतो तर जुने सोबती चहूकडे पांगलेले आणि भोवती नवीन मंडळी. ‘काहीही निवडा, शेवट तोच’ हा तुमचा शेरा या भागाला चपखल बसतो. मी त्याची बाजू घेणार नाही.

पण पहिल्या पन्नास लेव्हलांबद्दल तो शेरा अन्याय करतो. वॉरियरकडे जेसा नावाची मुलगी येते, ती उजेडाची राहणार की अंधाराची होणार हे तुमच्यावर आहे, आणि त्यावरून पुढे सोबत वावरणारी बाईच वेगळी होते. आणि इम्पीरियल एजंटच्या गोष्टीत तर ‘निवडीला अर्थ नाही’ हीच गोष्टीची सुरी केली आहे. एजंटच्या डोक्यात त्याच्याच खात्याने एक परवलीचा शब्द पेरून ठेवलेला असतो. समोरच्याने तो उच्चारला की एजंटला हुकूम मोडता येत नाही. तुम्ही खुर्चीत बसून नाही नाही म्हणता आणि तुमचा माणूस ताठ उभा राहून हो म्हणतो. हे एकदा खेळून बघा, मग भांडू.

माणसांसोबत खेळायचं म्हणाल, तर ते मी करून पाहिलंय. साम्राज्याच्या बाजूला ‘ब्लॅक टॅलन’ नावाची एक मोहीम सुरुवातीलाच मिळते, चौघांनी मिळून खेळायची. जहाजाचा कप्तान ओर्झिक आत्मघाती हुकूम मानायला नकार देतो. त्याला मारायचं की सोडायचं, हे चौघांनी निवडायचं, मग गेम फासे टाकतो आणि ज्याचा आकडा मोठा त्याचं चालतं. मी ‘सोडा’ निवडलं. बाकीच्या तिघांनी काय निवडलं ते त्यांनाही माहीत नसावं, कारण तिघेही ‘स्पेसबार, स्पेसबार’ लिहून राहिले होते, म्हणजे संवाद उडव आणि पुढे चल. एकाचा आकडा मोठा आला आणि कप्तान गेला. त्यातच लाइन गेली. इन्व्हर्टरवर कम्प्युटर होता, राउटर नव्हता. पंधरा मिनिटांनी परत आले तर गटाने मला काढून टाकलेलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, चौघांचं काम तिघांनी किती वेळ ओढायचं? पण व्हेट तिथेच उभी होती, जिथे सोडली होती. ४६ अंशाच्या दुपारी तुम्हाला तरी दुसरं काय पाहिजे असतं, भाऊ?

सगळे सोबती असे नसतात, तेही सांगून टाकते. भाऊ बाउंटी हंटर खेळायचा. त्याच्या जहाजावर स्कॅज नावाचा एक माजलेला कैदी जबरदस्तीने चढतो, नको म्हणायची सोयच नाही. एका तान्ह्या पोळ्याला बाहेर मिरवणूक चाललेली, आणि हा खिडकीत न जाता पडद्याकडे हात करून ओरडत होता, “ईडा पीडा, स्कॅजले घेऊन जा गे मारबत!” मारबत काही आली नाही.

आता रडण्याचं.

डिसेंबर २०१६ मध्ये ‘नाइट्स ऑफ द इटर्नल थ्रोन’ आला. त्यात एका क्षणी दोन सोबती एकाच वेळी संकटात सापडतात. एक व्हेट आणि दुसरा टोरियन, जो मुळात बाउंटी हंटरचा साथी. मदत एकीकडेच पाठवता येते. ज्याच्याकडे जाणार नाही, त्याला समोर मरताना बघायचं. गोष्ट सगळ्या क्लासांची एकच झालेली, त्यामुळे हा प्रसंग सगळ्यांच्या वाट्याला येतो.

मी तो आधी माझ्या दुसऱ्या नायकाबरोबर, रिपब्लिकच्या जेडाय नाइटबरोबर, खेळले. त्या जेडायची व्हेटशी ओळख जेमतेम. टोरियन जास्त कामाचा वाटला, मदत तिकडे पाठवली. व्हेट मेली. मी चहा ठेवला. खोटं कशाला सांगू?

मग वॉरियर. पर्याय पूर्ण वाचायच्या आधीच बोट व्हेटवर गेलं होतं. रडले नाही, कारण तिला मरू दिलंच नाही. टोरियन कसा मेला ते मी नीट पाहिलंही नाही.

भाऊ तोवर नोकरीला पुण्यात गेला होता. त्याच आठवड्यात रात्री साडेबाराला त्याचा फोन आला. मला वाटलं काही झालं की काय.

“ताई, मी टोरियनले वाचवलं.”

“बरं मग?”

“तुझी पोट्टी मेली माझ्याकडे.” थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “अन् मी तिले एकदा उगाचच झटका दिला होता.”