म्हणे, शम्मी कुणाची तरी कॉपी!

चौदा ऑगस्ट, शम्मी कपूरचा स्मृतिदिन, जवळ आला की आमच्या घरच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरत येतो. "शम्मी म्हणजे अमेरिकन गायक एल्व्हिसची कार्बन कॉपी. बाप-भावाच्या पुण्याईवर हिरो झाला. ‘याहू’सुद्धा रफीनेच ओरडलं. अभिनय शून्य, नुसत्या माकडउड्या. आणि तरी याहू कंपनीने नाव याच्यावरून घेतलं!" यंदा तो माझ्या पुतण्याने टाकला. इंदूरच्या रामबागेत शम्मीसाठी घरी बोलणी खाल्लेली आत्या अजून शिल्लक आहे, हे विसरला बिचारा.

आधी पुण्याई. वडील पृथ्वीराजांनी या मुलाला पृथ्वी थिएटरात घेतलं ते महिना ५० रुपयांवर. १९५३ मध्ये ‘जीवन ज्योती’ आला आणि पुढची चार वर्षं सिनेमामागून सिनेमा आपटला. गंमत म्हणजे ‘कॉपी’ हा शिक्का तेव्हाही होताच, फक्त नाव राज कपूरचं होतं. तशीच बारीक मिशी, तसाच चेहरा. १९५७ चा ‘तुमसा नहीं देखा’ देव आनंदने नाकारला म्हणून याच्याकडे आला. याने मिशी उडवली, केसांची ठेवण बदलली, आणि घरातल्या थोरल्यासारखं दिसणं कायमचं सोडलं. आडनावावर भागलं असतं तर मिशीला कशाला हात लावला असता? मला त्याची बंडखोरी इथे दिसते. बाकी जाकिटं वगैरे नंतरची.

एल्व्हिसचं म्हणाल तर केसांचा कोंबडा मला मान्य आहे. पण एल्व्हिस स्वतः गायचा, शम्मीला गळा रफीचा. रफीने एकच ओळ पाच वेगळ्या वळणांनी घेतली, की हा पाचही वेळा वेगळा वागणार: एकदा मान, एकदा खांदा, एकदा नुसती भुवई. ‘कश्मीर की कली’त (१९६४) शिकारा नावेत हातपाय आपटत ‘तारीफ करूं क्या उसकी’ म्हणतो आणि शेवटी पाण्यातच पडतो. ही कुणाची कॉपी, ते पुतण्याने शोधून दाखवावं.

‘याहू’ ही आरोळी रफीची नाही आणि, माझं दुःख बाजूला ठेवून सांगते, शम्मीचीही नाही. ती पटकथालेखक प्रयाग राज यांची. पण ती ज्या सिनेमात आहे तो ‘जंगली’ (१९६१) नीट बघा. हिरोच्या घरी हसायलाच बंदी. निम्मा सिनेमा हा माणूस इस्त्री केल्यासारखा ताठ वावरतो, आणि मग बर्फात गडगडतो. आधीचा ताठपणा जमला नसता तर आरोळीत काही दम राहिला नसता. त्याच सिनेमात ‘एहसान तेरा होगा मुझ पर’ आहे. त्यात माकडउडी एकही नाही.

‘तिसरी मंझिल’चं शूटिंग चालू असताना, जानेवारी १९६५ मध्ये, त्याची बायको गीता बाली देवीच्या रोगाने गेली. काम थांबलं, मग तो परतला, आणि १९६६ मध्ये सिनेमा आला. दादाच्या मिनतवाऱ्या करून आम्ही बहिणींनी रात्रीचा शो गाठला होता. नंतर सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना दादा त्या ड्रमवाल्या गाण्याचा ठेका द्रोणावर धरत होता. गीताचं आम्हाला ठाऊक होतं, पण पडद्यावर कुठे जाणवलंच नाही. ‘ब्रह्मचारी’साठी (१९६८) मिळालेलं फिल्मफेअर मी पुराव्यात धरत नाही. बक्षिसं काय, कुणालाही मिळतात.

राहिली कंपनी. ‘याहू’ हा शब्द जोनाथन स्विफ्टच्या १७२६ च्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये आहे, जंगली माणसांसाठीच. कंपनीचा शम्मीशी संबंध नाही. पण इंटरनेटचा आहे! आपल्याकडे ते नवं नवं आलं तेव्हा पहिल्या शौकीन मंडळींत तो होता. इंटरनेट युजर्स कम्युनिटी ऑफ इंडिया ही संस्था त्याने काढली. साठी ओलांडलेला माणूस रात्र रात्र कॉम्प्युटरपुढे बसायचा. बेटा, तुझ्या आत्याला साधा व्हॉट्सॲप यायला २०१६ उजाडलं, आणि तेही तू शिकवल्यावर.