बांगड्याच्या हुमणात तेफळां नव्हती

मी भुताच्या सिनेमाला घाबरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी भलताच समज करून घ्यायला नको. भुताचं कसं आहे, त्याच्याशी व्यवहार करता येतो. आमच्या वाड्यावर देवचार आहे. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, पायात व्हाणा. वर्षातून एकदा त्याला रोट द्यायचा, थोडा सोरो म्हणजे दारू ठेवायची, वर एखादी विडी, की तो रात्रभर राखण करतो आणि वाट चुकलेल्या माणसाला घराच्या पायरीपर्यंत आणून सोडतो, असं आमची आई शपथेवर सांगते. हिशेब चोख. पण हल्ली सायकॉलॉजिकल थ्रिलर म्हणून जे काय दाखवतात ना, त्यात भूत नाही, प्रेत नाही, दार करकरतसुद्धा नाही, आणि त्यातल्या माणसाला नेमकं काय पाहिजे ते शेवटपर्यंत कळत नाही. त्याला रोट देणार तरी कसला?

तर झालं असं की इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ मध्ये गोव्यात आला तेव्हापासून दर नोव्हेंबरला आमच्या मेव्हण्याच्या अंगात येतं. वर्षभर हा माणूस पाइप, नळ आणि फ्लश टँक विकतो, गिऱ्हाइकाशी पंधरा रुपयांवरून अर्धा तास वाद घालतो, पण नोव्हेंबर उजाडला की गळ्यात ते कार्ड, खांद्याला झोळी, दाढी राखलेली, आणि बोलणं एकदम हळू. यंदा म्हणाला, भावोजी, एक थ्रिलर आहे, तुमचं पण तिकीट बुक केलंय, नाही म्हणायचं नाही. मला वाटलं पणजीला चाललोच आहे तर सिनेमा बघू, बाहेर काहीतरी खाऊ, परत येऊ. थ्रिलर म्हणजे मी आपला पाठलाग, गोळीबार, शेवटी इन्स्पेक्टर असं धरून चाललो होतो.

रांगेतच त्याने माझी शिकवणी घेतली. म्हणे थ्रिलरवाला दिग्दर्शक हिचकॉक सांगायचा, दोन माणसं टेबलाशी गप्पा मारतायत आणि अचानक खालचा बॉम्ब फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो, पण बॉम्ब खाली आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवलं आणि त्या दोघांना गप्पाच मारू दिल्या, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. मी म्हटलं बरं. मग म्हणे १९६० साली त्याचा सायको आला तेव्हा सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाच आत सोडायचं नाही असा नियम केला होता. हा नियम इथे लावला तर अर्धा गोवा बाहेर चहा पीत उभा राहील, हे मी मनातल्या मनात म्हटलं. आणि म्हणे त्यातलं न्हाणीघरातलं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप होतं, सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट म्हणून खपून गेलं. ते ऐकून मला जरा धीर आला. आपल्याला घाबरवायला निघालेल्या माणसांनी निदान किराणा सामान तरी आणलं होतं. आमच्या वाट्याला जो सिनेमा आला त्यात सिरपचा खर्चसुद्धा केलेला नव्हता.

गोष्ट अशी. युरोपातलं कुठलंसं गाव, सगळीकडे बर्फ. एक माणूस कामावरून घरी येतो, बायको दार उघडते, सूप वाढते. तो एक चमचा सूप तोंडात घालतो आणि थांबतो. चव वेगळी आहे. मान वर करून तो बायकोकडे बघतो. तीही त्याच्याकडे बघते. बस. तिथून पुढे दोन तास त्याला वाटत राहतं की ही माझी बायको नव्हे, कुणीतरी दुसरीच आहे, चेहरा तोच, साडी म्हणजे स्वेटर तोच, पण ही ती नव्हे. ती आहे का नाही, ते दिग्दर्शकाला माहीत असेल.

आता खरा सिनेमा म्हणाल तर तो हॉलमध्ये चालला होता. माझ्या डाव्या बाजूला एक काकू होत्या, त्या नवऱ्याला सबटायटल वाचून दाखवत होत्या, बिचाऱ्यांचा चष्मा घरी राहिला असावा, पण काकू वाचताना स्वतःचीही दोन वाक्यं घालत होत्या, त्यामुळे त्या बाजूच्या तिघाचौघांनी जो सिनेमा पाहिला तो जरा वेगळा होता आणि माझ्या मते जास्त बरा होता. मागच्या रांगेतला एक जण दर पाच मिनिटांनी कोकणीत भविष्य सांगत होता, "पळय आं, आतां तो फाटल्यान येतलो," म्हणजे बघ हं, आता तो मागून येणार. कोण येतलो? सिनेमात होतीच मुळी दोन माणसं, आणि दोघंही समोर बसली होती. पण त्याने तीनदा सांगितल्यावर मी पडद्याऐवजी पडद्यातल्या त्या बाईच्या पाठीमागचं कपाट बघायला लागलो. पुढे एक दाढीवाला नको तिथे "हं" करून हसायचा. सूप सांडलं, हं. खिडकी बंद केली, हं. मला आधी त्याचा राग आला, मग भीती वाटायला लागली की याला असं काय कळतंय जे आपल्याला कळत नाहीये, आणि शेवटी शेवटी तर मी पण एकदा हं करून बघितलं, तेव्हा त्याने मागे वळून माझ्याकडे असं काही पाहिलं की मी पुन्हा केलं नाही.

सगळ्यात मोठी किंकाळी कुठे फुटली माहीत आहे का? एक सीन होता, अगदी चिडीचूप. तो माणूस अंधारात उभा, बायको झोपलेली, चार मिनिटं पानसुद्धा हललं नाही, काकूंनी वाचन थांबवलेलं, मागच्याने भविष्य थांबवलेलं. आणि नेमकं तेव्हा हॉलचं दार उघडलं, मोबाइलची बॅटरी लावून एक गृहस्थ आत आले, आणि माझ्या शेजारी वाकून कानाशी म्हणाले, "ही सीट कोणाची?" मी ओरडलो. मी ओरडलो म्हणून काकू "सायबा भोगोस!" म्हणून ओरडल्या, त्या ओरडल्या म्हणून काकांनी ओरडून घेतलं, आणि मग ती लाट मागच्या रांगांपर्यंत गेली. हिचकॉकचा तो नियम लोकांच्या रक्तदाबासाठी असणार.

सिनेमा संपला तेव्हा टाळ्या वाजवायच्या का नाही ते कुणालाच ठरवता येईना. बाहेर आल्यावर मात्र सगळ्यांना कंठ फुटला. एक जण म्हणाला तो नवराच मुळात नाहीये. दुसरा म्हणाला दोघंही नाहीयेत, फक्त घर आहे. एक मुलगी म्हणाली बर्फ म्हणजे आठवणी. दाढीवाला म्हणाला मला दुसऱ्याच मिनिटाला कळलं होतं, आणि काय कळलं होतं ते न सांगता निघून गेला, ज्याला मी आजही माफ केलेलं नाही. काकूंचं मत सगळ्यात साधं होतं, म्हणाल्या त्याने आयतं गिळून बायकोला नावं ठेवली, आमच्याकडेही हेच. मेव्हणा काहीच बोलला नाही, नदीकडे बघत उभा राहिला. नंतर कळलं की त्याला डुलकी लागली होती आणि माझ्या ओरडण्याने तो जागा झाला होता.

पार्किंग मिळालं नव्हतं म्हणून मी स्कूटर लांब लावली होती, जुन्या सचिवालयाच्या बाजूला, म्हणजे नेमकी आबे फारियाच्या पुतळ्यापाशी. दिवसा शंभरदा बघितलेला पुतळा आहे तो, १९४५ सालचा, रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला. पण रात्री अकरा वाजता, तसला सिनेमा डोक्यात घेऊन, तो काळा झगेवाला माणूस दोन्ही हात पसरून त्या कलंडलेल्या बाईवर वाकलेला बघितला आणि माझी किल्ली खाली पडली. फारिया म्हणजे आपला कांदोळीचा पाद्री, १७५६ चा जन्म, पॅरिसला जाऊन लोकांना संमोहित करायचा, आणि त्याचं म्हणणं असं की झोपवणाऱ्याच्या हातात शक्ती-बिक्ती काही नसते, जे होतं ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यात होतं. हे वाक्य मी शाळेत निबंधात लिहून मार्क मिळवले होते. त्या रात्री त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. त्याची दुसरी गोष्ट मात्र कामाला आली. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि भीतीने वाचा बसली, तेव्हा बापाने खालून हळूच कोकणीत सांगितलं म्हणतात, कातर रे भाजी. समोर बसलीय ती सगळी भाजी आहे, काप. आणि पोरगा सुटला. तर मी मांडवीचा पूल, पर्वरी, म्हापसा आणि पुढे अस्नोड्यापर्यंत तोंडाने कातर रे भाजी, कातर रे भाजी म्हणत आलो. हेल्मेटमध्ये घुमून ते जरा भयंकरच ऐकू येत होतं.

घरी आलो तर दार नुसतं लोटलेलं. आत स्वयंपाकघरात दिवा. मी अजून तेच पुटपुटतोय, आवाज बहुतेक चढला असावा, आणि आत बघतो तर बायको पाठमोरी आदोळीवर म्हणजे विळीवर बसून भेंडी चिरतेय. मागे न बघता म्हणाली, "कातरतेच आहे, ओरडता कशाला? उद्याच्या डब्याची आहे."

मी हातपाय धुवून पानावर बसलो. शीत म्हणजे भात वाढला, बांगड्याचं हुमण म्हणजे कालवण वाढलं. एक घास घेतला आणि थांबलो.

चव वेगळी होती.

जे गोव्याबाहेरचे आहेत त्यांना सांगायला पाहिजे, बांगड्याच्या हुमणात तेफळां म्हणजे तिरफळं ही हौसेची गोष्ट नाही. खोबऱ्याच्या त्या लालभडक रसात दोन-चार काळपट बोंडं तरंगत असतात, ती खायची नसतात, चुकून दाताखाली आलं तर जीभ घटकाभर बधिर होते, पण ती नसतील तर ते हुमण नव्हे. माझ्या बायकोने सव्वीस वर्षांत तेफळांशिवाय बांगड्याचं हुमण केलेलं नाही. मी वाटीत चमचा फिरवून बघितलं, तळाशी बांगडा होता, आमसोल होतं, तेफळ एकही नाही. मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती.

"का हो, आवडलं नाही?"

हेच! सिनेमात त्या बाईने नेमकं हेच विचारलं होतं, पोलिश का कुठल्या भाषेत, आणि काकूंनी वाचून दाखवलं होतं. मी म्हटलं छान आहे. मग अगदी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, लग्न झाल्यावर आपण पहिल्यांदा कुठे गेलो होतो गं? ती म्हणाली, मंगेशीला, वाटेत तुमच्या स्कूटरचं पेट्रोल संपलं, मी शालू नेसून बाणस्तारीपर्यंत चालले, तुम्ही मागून स्कूटर ढकलत माझ्यावरच चिडत होता आणि तुमची मामी हसली होती. सगळं बरोबर. मामीसकट बरोबर. पण सिनेमातल्या बाईलाही सगळी उत्तरं येत होती, त्यावरूनच तर त्याचा संशय बळावला होता.

रात्री दोन वाजता मी मोबाइलवर हे शोधत होतो. या आजाराला नाव आहे, काप्ग्रा, त्या नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १९२३ मध्ये त्यावर लिहिलं होतं. माणसाला चेहरा ओळखता येतो पण त्याच्याबरोबर येणारं आपलेपण येत नाही, म्हणून डोकं म्हणतं हा कुणीतरी तोतया आहे, असं त्याचं एक कारण सांगतात. मी उशीवर वळून बायकोच्या चेहऱ्याकडे बघून आपलेपण येतंय का ते तपासत होतो, तेवढ्यात कौलांवरून उदमांजर धडधडत गेलं आणि मी जो उठून बसलो त्याने पलीकडच्या खोलीतली आई जागी झाली. तिला सगळी गोष्ट सांगावी लागली. तिने शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "त्या बाईला सासू नव्हती घरात? सासू असती तर दुसरी कोण आत शिरलीच कशी असती?" मग मीठ-मिरच्या घेऊन माझी दृष्ट काढली. मिरच्या चुलीत घातल्यावर मला सोडून सगळ्यांना ठसका लागला. याचा अर्थ काय ते तिने सांगितलं नाही.

सकाळी पोदेराचा म्हणजे पाववाल्याचा पों पों ऐकून जीवात जीव आला. चहात उंडो पाव बुडवता बुडवता धीर करून विचारलंच, काल हुमणात तेफळां नव्हती? बायको उठली, आत गेली, आणि तीन चिठ्ठ्या आणून माझ्या कपाजवळ ओळीने मांडल्या. तिच्या अक्षरात. "तेफळां, १०० ग्रॅम." एक माझ्या पँटच्या खिशात सापडलेली, एक स्कूटरच्या डिकीत, आणि तिसरी मशीनमध्ये धुऊन निघालेली, शाई फुटून नुसता निळा ढग, फक्त "ग्रॅम" तेवढं वाचता येत होतं. "तीन शुक्रवार सांगतेय," ती म्हणाली.

त्या दिवशीही शुक्रवारच होता, म्हणजे म्हापशाच्या बाजाराचा दिवस. मी काही न बोलता उठलो, स्वतःचा कप स्वतः विसळला, बाजारात गेलो, तेफळां आणली, १०० सांगितली होती तर २०० आणली, वर न सांगता केळी आणि तिच्यासाठी अबोलीचा वळेसर म्हणजे गजरा आणला, घरी येऊन पिशवी जागेवर ठेवली आणि विचारलं, आणखी काही आणायचंय का?

ती ओट्याशी उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. मग बाहेर बळकांवात म्हणजे व्हरांड्यात जाऊन भावाला फोन लावला. आवाज बारीक केला होता पण मला ऐकू येत होतं. "काल कुठला सिनेमा दाखवलास रे ह्यांना? नाही, आजारी नाहीत. कप विसळला. फुलं आणली. अरे, काल सकाळी घरातून गेले ते हे नव्हेत."

फोन ठेवून ती आत आली, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आपल्या लग्नाची तारीख सांगा बघू."

मी सांगितली.

"चुकली," ती म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.