सोळा फुटांचं वावर

चंपाषष्ठीला आमच्या गच्चीवरचं एकुलतं एक वांगं खंडेरायाच्या नैवेद्याला गेलं. देवाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती तळमजल्यावरच्या आप्पांबद्दल, आणि थोडी आमच्या हिच्याबद्दलही. "वांगं तोडू का वहिनी?" असं आप्पांनी तिला रीतसर विचारलं होतं आणि "तोडा की, त्यात काय विचारायचं?" असं ती म्हणाली होती.

त्यात काय विचारायचं! पोळ्याच्या सुमारास लावलेलं रोप. त्याला मी माव्यातून सोडवलं, पिठ्या ढेकणातून सोडवलं, कबुतरांच्या तावडीतून सोडवलं. आणि ते वांगं मला न विचारता, मी अंघोळीला गेलो असताना, देठासकट गेलं. बरं, भांडायचं तरी कोणाशी? आप्पांशी भांडलो तर ते खंडोबाचं नाव पुढे करणार. कुलदैवताच्या नैवेद्यावरून भांडलेला माणूस म्हणून जळगावात पुढची वीस वर्षं काढायची माझी तयारी नाही.

प्रकार थोडक्यात सांगतो. स्क्वेअर फूट गार्डनिंग नावाची एक पद्धत आहे. मेल बार्थोलोम्यू नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने निवृत्तीनंतर ती काढली आणि १९८१ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. चार फूट बाय चार फुटांची पेटी, सहा इंच खोल. वर दोरी बांधून एकेक फुटाचे सोळा चौकोन पाडायचे. एका चौकोनात वांगं किंवा टोमॅटो असेल तर एकच रोप, लेट्यूस असेल तर चार, पालक नऊ, मुळा सोळा. मोजून. पेटीत साधी माती घालायची नाही. एक तृतीयांश कंपोस्ट, एक तृतीयांश पीट मॉस (दलदलीतलं कुजकं शेवाळ), एक तृतीयांश व्हर्मिक्युलाइट (तापवून फुगवलेलं हलकं खनिज). पीट मॉस जळगावात कोणी ऐकलेलंही नाही, म्हणून मी कोकोपीट आणलं. त्याची वीट रात्री बादलीत भिजत घातली की सकाळी बादलीबाहेर येऊन बसलेली असते.

पुस्तकात "रोज सहा ते आठ तास ऊन मिळेल अशी जागा निवडा" असंही म्हटलंय. हे वाचून मी एकटाच बराच वेळ हसलो. उन्हासाठी जागा निवडायची! आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा ऊनच आमची निवड करतं. म्हणून हिरवी शेडनेट टाकली. तिचा खर्च वेगळा. या सगळ्या खर्चाची बेरीज मी एका वहीत लिहून ती वही कपाटात साड्यांखाली ठेवली. ही चूक नव्हती, डावपेच होता. तिथे आमची ही स्वतःहून कधी हात घालत नाही, कारण तिथे तिचीही एक वही आहे.

तर आप्पा. आप्पांचं पारोळ्याकडे अकरा एकर रान आहे, कपाशी आणि दादर ज्वारी. मुलं पुण्याला, जमीन बटईने दिलेली, आप्पा इथे. गच्चीवर ते वाळवणाची राखण करायला येतात आणि वाळवण नसतानाही राखण करतात. पेटी मांडली त्या संध्याकाळी ते अडकित्ता घेऊन वर आले.

"हाई काय मांडी ठेयेल शे रे भो?"

"शेती, आप्पा."

आप्पांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, लावला आणि गच्चीवर चौफेर नजर फिरवली.

"कोठे?"

"ही काय. ही पेटी."

"पेटी ते दिखी राहिनी. वावर कोठे शे?"

मी म्हटलं, हेच वावर. सोळा चौरस फूट. आप्पा खुर्चीत बसले. सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि डोळे मिटून हिशोबाला लागले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे खान्देशात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आप्पांनी ओठ हलवत भागाकार केला आणि डोळे उघडले.

"अशा अडुसष्ट पेट्या मांड. एक गुंठा व्हई. वर एक फूट उरस, तठे बांध घाल."

मी नंतर कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. बरोबर एक फूट उरतो. याचाच मला जास्त राग आला.

"सातबारा कोना नावावर शे?"

"गच्चीचा सातबारा नसतो, आप्पा."

"मंग कर्ज कशावर लिधं?"

"कर्ज नाही घेतलं."

"बिगर कर्जानी शेती?" आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की यात काहीतरी दोन नंबरचं असणार. मग त्यांनी पेटीतलं चिमूटभर मिश्रण उचललं, तळहातावर चोळलं, नाकाशी नेलं. "हाई माती नई शे. हाई नारयना भुसा शे."

कोकोपीटच आहे ते, असं मी सांगितलं. दुकानातून आणलं म्हणून सांगितलं. तिथे मात्र आप्पांचा आवाज चढला, आणि खालच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्याचं मी स्वतः ऐकलं.

"खान्देशना माणूस माती इकत लेस?"

आता याला काय उत्तर द्यायचं? गावाबाहेर पाय ठेवला की पुरुषभर खोल काळी माती आहे हे मलाही ठाऊक आहे. पण चार बाय चारची पेटी सहा इंच भरायची तर आठ घनफूट माती लागते. ओली काळी माती असेल तर तिचं वजन साडेतीन-चारशे किलोच्या घरात जातं, आणि आमच्या गच्चीचा स्लॅब कसा आहे ते पावसाळ्यात आमच्या बेडरूममधून दिसतं. शिवाय काळी माती भिजली की चिखल आणि वाळली की बोट जाईल एवढी भेग. कपाशीला ती मानवते, पेटीतल्या पालकाला नाही. हे सगळं मी आप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोरी काबर बांधेल शे? ढोरं येतस का गच्चीवर?"

मी चौकोनांचं सांगितलं. इथे नऊ पालक, तिथे सोळा मुळे.

"मोजीसन?"

"मोजून."

"पालकले ठाऊक शे का?"

यानंतर आमच्या गच्चीवर शिवारफेऱ्या सुरू झाल्या. आधी आप्पांचा धरणगावचा साला आला. मग शिरपूरचे व्याही. मग एक पागोटेवाले गृहस्थ आले, जे आप्पांनाही नीट माहीत नव्हते. त्यांनी मला हेक्टरी उतारा विचारला आणि मी सांगायला लागलो तर तोंडाला उपरणं लावून खाली गेले. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सरकारदरबारी पिकाची नोंद, केली का, असं प्रत्येकजण विचारतो. प्रत्येकाला तो विनोद आपल्यालाच सुचला असं वाटतं. एका शहाण्याने तर "ठिबकच्या गावात राहता आणि झारीने पाणी घालता?" असं म्हणून मला भर गच्चीत ओशाळं केलं. नळाला पाणी दिवसाआड, तेही पहाटे. ठिबकमधून काय ठिबकवू, घाम?

माझं दुखणं असं आहे की या मुलखात नवशिक्याला जागाच नाही. माझ्या पुण्याच्या मावसभावाने खिडकीत कुंडी ठेवून दोन टोमॅटो काढले. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला तर काय ती वाहवा! हातांचे, फुलांचे, नमस्काराचे ढीग. मी माझ्या वांग्याचा फोटो टाकला, अंगठ्याएवढं असताना, देठावर कोवळे काटे होते तेव्हा. त्यावर माझ्या यावलच्या सासऱ्यांनी फक्त एवढंच लिहिलं: "पाठवतो." आणि दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरबरोबर भरताच्या वांग्यांचं अर्धं पोतं आलं. बामणोदकडची, हिरवी-पांढरी, नारळाएवढी वांगी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. बामणोदच्याच यावल तालुक्याचा जावई गच्चीवर नर्सरीतलं जांभळं वांगं वाढवतोय, हे त्यांना कुटुंबाच्या अब्रूचं वाटलं असावं. डिसेंबरात इथे कोणाच्या घरी वांगं कमी पडत नाही. ज्याला त्याला कोणी ना कोणी पोतं पाठवतंच. अशा गावात एक वांगं पिकवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत घरचा डबा उघडून बसणं.

आणि खर्चाचं बोलायचं तर तोटा इथे सगळ्यांनाच होतो. कपाशीवाल्याला बोंडअळीने होतो, केळीवाल्याला वादळाने होतो. त्यावर लोक हळहळतात, आणि हळहळावंच. पण माझा तोटा सांगितला की माणसं खुर्ची ओढून घेतात आणि म्हणतात, पुन्हा सांग, हा ऐकला नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, मला सांगायची नाहीये तरी. दिवाळीच्या आसपास वांग्याचा एक शेंडा मान टाकून बसला. बाकी झाड ताठ, तेवढाच शेंडा लोंबतोय. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून घातलं. आप्पा आले, त्यांनी लांबूनच पाहिलं. "शेंडा मुरगयेल शे. अयी शे आतमा." त्यांनी तो शेंडा चार बोटं खालून मोडला आणि अंगठ्याच्या नखाने उभा चिरला. आत पोकळ बोगदा, त्यात दाणेदार काळपट विष्ठा, आणि टोकाला एक गुलाबीसर पांढरी अळी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, डोकं तपकिरी. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. आज शेंड्यात, उद्या फळात. आप्पांनी ती चपलेखाली घातली, सगळे शेंडे तपासले, आणखी एक मोडला आणि मला निंबोळी अर्क करायला लावला. झाड वाचलं ते त्यांच्यामुळे. पण मदत करून झाल्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? "पुस्तकमा अयी नई शे का?" असं ते रोज विचारायचे. रोज.

तर ते वांगं चंपाषष्ठीला गेलं. दुपारी आप्पांच्या घरून स्टीलच्या वाटीत भरीत आलं, बरोबर रोडग्याचा तुकडा. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. चव कशी होती हे मी सांगणार नाही. आमची ही दोनदा म्हणाली, "आप्पांकडच्या वांग्याला काय चव असते नाही!" मी विचारलं, यात आपलं कुठलं? ती म्हणाली, ठेचल्यावर काय कळतं, सगळं एकजीव होतं.

संध्याकाळी आप्पा गच्चीवर.

"तुनं वांगं सपक निंघनं. पानी जास्त पाजं तू."

चार वांग्यांत माझं एक घालून ठेचलं. त्यात सपक कुठलं ते बरोबर माझंच कसं कळलं? हे मी विचारलं. आप्पांनी सुपारी कातरली. नैवेद्य दाखवून झालेला, पोट भरलेलं, माणूस उदार झालेला. टोमॅटो करपल्यामुळे रिकाम्या पडलेल्या चौकोनाकडे त्यांनी अडकित्त्याने बोट दाखवलं.

"हाई खानं खाली पडेल शे. माले दे बटईवर. बी मनं, मेहनत मनी, पानी तुनं. निम्मं तुनं, निम्मं मनं."

एका फुटाची बटई! अकरा एकरांचा मालक माझ्या गच्चीवर कूळ म्हणून येत होता. खरं सांगतो, मला ते बरं वाटलं. मी मालकाच्या रुबाबात हो म्हटलं. आप्पांनी तिथल्या तिथे कोपरीच्या खिशातून मेथीचं बी काढलं (म्हणजे ठरवूनच आले होते) आणि मोजणं नाही, अंतर नाही, मूठ उघडून विस्कटून दिलं. बार्थोलोम्यूसाहेबांनी हे पाहिलं असतं तर बिचारे पुन्हा नोकरीला लागले असते. पाकीटभर बी एका ओळीत ओतायचं आणि मग रोपं उपटत बसायचं, याच उधळपट्टीला कंटाळून त्यांनी हे चौकोन काढले होते.

मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवते. उगवली. दाट, हिरवीगार. आणि दोरीच्या पलीकडे, माझ्या मुळ्याच्या चौकोनात, चांगली दोन बोटं.

"आप्पा, तुमची मेथी माझ्या मुळ्यात आली."

"दोरी सरकनी व्हई."

"दोरी खिळ्याला बांधलेली आहे. सरकेल कशी?"

"मंग मोजनी मांग," आप्पा म्हणाले. "द्रुतगतीनी फी भर, लवकर येतस. लागना खातेदारले नोटीस जाई."

लागचा खातेदार म्हणजे आमची ही, कारण पेटीला लागून तिची तुळस आहे. तिला वर बोलावलं. तिने जागेची पाहणी केली, कमरेवर हात ठेवून, आणि साक्ष दिली आप्पांच्या बाजूने. "दोन बोटं तर आहेत. राहू द्या की." खान्देशातल्या बांधावरच्या यच्चयावत भांडणांची सुरुवात दोन बोटांपासूनच झालेली आहे, कोर्टात फायली पडल्यात त्यांच्या, हे मी तिला सांगितलं. ती कपडे काढून खाली गेली. वाळलेले.

मग मी वाकलो, फूटपट्टी लावली आणि दोरीच्या अलीकडे आलेली सगळी मेथी मुळासकट उपटली. मूठभर झाली. आप्पा खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी फक्त तळहात पुढे केला.

"उपटी ते उपटी. निम्मी आन अठे."