बंदीच्या दोन महिन्यांत खांदा होडीजोगा होत नाही

किनाऱ्यावरच्या ग्रुपांत फिरणारा सल्ला असा: खांद्याच्या लिगामेंटचं (हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या चिवट बंधाचं) ऑपरेशन १ जूनला, मासेमारी बंदी लागताच करा, तीन आठवड्यांत हात अडकवायचा पट्टा काढा, नाहीतर खांदा आखडेल, गरम तेलाने चोळा, दुखायचं थांबलं की १ ऑगस्टला होडी काढा. खांद्यावर आपटून कॉलरबोनचं टोक वर आलं आणि तिथली लिगामेंट हाडात भोकं पाडून, त्यांत स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बसवून नव्याने बांधली, तर यातलं जवळपास काहीच लागू नाही.

पट्टा. सत्तर किलोच्या माणसाचा हात साडेतीन किलोच्या आसपास भरतो. पट्टा काढून उभं राहिलं की तो भार नव्या बांधणीला खाली ओढतो. म्हणून साधारण सहा आठवडे पट्टा. आखडण्याची भीती खोटी नाही, मधुमेह असेल तर जास्तच. पण कोपर, मनगट, बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची असतात. खांदा डॉक्टर सांगतील तेव्हापासून, उताणं झोपून, दुसऱ्या हाताने उचलून, नव्वद अंशांच्या आतच. उभ्याने हात लोंबता सोडून झुलवायचा व्यायाम इथे सुरुवातीला नको. आखडलेला खांदा फिजिओथेरपीने बहुधा सुटतो, सैल पडलेली बांधणी व्यायामाने घट्ट होत नाही. (पावसात काख ओली राहून कुजते. पट्टे दोन ठेवा आणि कोपर टेबलावर टेकवून काख पुसा.)

चोळणं: टाके निघेपर्यंत तेल जखमेजवळही नको. सूज असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ, १५ मिनिटं.

दुखणं थांबणं, ही खरी फसगत. दुखणं महिन्याभरात बरंच उतरतं. बसवलेल्या स्नायुबंधात मात्र तेव्हा नव्या रक्तवाहिन्या शिरत असतात आणि हाडातल्या भोकांत तो अजून पुरता रुजलेला नसतो.

१ ऑगस्टला जेमतेम नववा आठवडा चालू असतो. तेव्हा मांडीवर जाळं घेऊन दुरुस्ती जमेल. रबरी पट्ट्याने ताकदीचे व्यायाम बाराव्या आठवड्यापासून. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणं, नांगर उचलणं, इंजिनाची दोरी हिसकणं, माडावर चढणं पाच-सहा महिन्यांनी, तेही ताकद दुसऱ्या खांद्याजवळ आल्यावर. म्हणजे जूनचं ऑपरेशन, तर डिसेंबर उजाडतो.

आणि ताजी इजा बंदीपर्यंत थोपवून धरणं तर सर्वांत वाईट. सौम्य इजेला ऑपरेशन लागतच नाही, पण लागणार असेल तर पहिल्या तीनेक आठवड्यांत मूळ लिगामेंट जुळायची शक्यता जास्त असते. मार लागला की आधी एक्स-रे काढा, कॅलेंडर नंतर बघा.