आधी स्लॅब, मग एसी

फेब्रुवारी संपत आला की आमच्या अकोल्यात एसीच्या दुकानांबाहेर हप्त्यांच्या पाट्या लागतात आणि वरच्या मजल्यावर राहणारी ओळखीची माणसं फोन करायला लागतात. "भाऊ, एक टनाचा घेऊ की दीड टनाचा?" मी बांधकामाच्या साइटवर काम करणारा माणूस. माझं उत्तर दरवर्षी तेच असतं. आधी गच्चीवर चला, स्लॅब बघू.

आपल्या घरांवर पाच-सहा इंचांचा स्लॅब असतो. वर जमलं तर पातळ कोबा, नाहीतर नुसतंच सिमेंट. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर असते तेव्हा या उघड्या, काळवंडलेल्या स्लॅबचा पृष्ठभाग ६० च्या आसपास जातो. ही उष्णता लगेच खाली येत नाही. स्लॅब ती दिवसभर पीत राहतो आणि चार-पाच तासांनी आतल्या बाजूने सोडायला लागतो. म्हणून घर सगळ्यात जास्त तापतं ते भर दुपारी नव्हे, रात्री आठ-नऊ वाजता, जेव्हा बाहेर जरा वारा सुटलेला असतो. पंखा लावला की छताखालची तीच हवा अंगावर येते. एसी लावला तर तो अर्धी रात्र स्लॅब थंड करण्यात घालवतो आणि त्याचं बिल तुम्ही भरता.

वऱ्हाडातली धाब्याची घरं, मराठवाड्यातली माळवदं आठवा. लाकडावर मातीचा जाडजूड थर असायचा. तो दरवर्षी पावसाळ्याआधी बघावा लागे, गळायचाही, आणि पुन्हा तसंच बांधा असं माझं म्हणणं नाही. पण माती काढून सिमेंट आणताना मातीचं ऊन अडवायचं काम कोण करणार हे आपण ठरवलंच नाही. आजही नवी घरं बघतो, हॉलमध्ये महागडी टाइल आणि गच्चीवर नागडा स्लॅब. मला याचा खरंच राग येतो, कारण हे काम बांधतानाच करून घेतलं तर खर्च किरकोळ असतो.

घर बांधून झालं असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय चुना. कळीचा चुना एक दिवस आधी पाण्यात विरवायचा. विरताना तो उकळतो, म्हणून प्लॅस्टिकची बादली नको, लोखंडी ड्रम घ्या. पाण्यात चुना थोडा थोडा टाका, चुन्यावर पाणी ओतू नका, मुलांना लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. गार झाल्यावर गाळून घ्या, त्यात चिकटपणासाठी फेव्हिकॉल मिसळा. स्लॅब आधी तारेच्या ब्रशने घासून, शेवाळ काढून, धुऊन वाळू द्यायचा. भेगा भरून घ्यायच्या, कारण भेगेवर चुना मारला म्हणून गळती थांबत नाही. मग संध्याकाळी, स्लॅब निवल्यावर, एक हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा. भर उन्हात मारला तर चुना नीट धरण्याआधीच वाळून भुकटी होतो आणि पायाला लागून निघतो.

ताजा पांढरा पृष्ठभाग ऊन बरंचसं आल्या वाटेने परत पाठवतो, काळपट सिमेंट ते बरंचसं गिळतं. फरक पहिल्याच आठवड्यात कळतो. दुपारी छताला आतून हात लावून बघा. चुना पावसाने धुपतो, त्यामुळे दरवर्षी होळीच्या सुमाराला हे काम पुन्हा करावं लागतं. ते नको असेल तर कूल रूफचा, म्हणजे ऊन परतवणारा गच्चीचा पांढरा रंग मिळतो. तो महाग, पण काही वर्षं टिकतो. वर्षातून दोनदा धूळ मात्र धुवा. मळलेला पांढरा रंग निम्मं काम सोडून देतो.

खर्चाची तयारी असेल आणि स्लॅब गळतही असेल तर विटांचा कोबा करून वर पांढरी चायना मोझॅक बसवा. विटांचे तुकडे उष्णता अडवतात, फुटक्या टाइल्सचा पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि ढाळ नीट काढला तर पाणीही थांबत नाही. एकाच कामात दोन्ही दुखणी जातात. फक्त वजन वाढतं. जुनी इमारत असेल तर आधी इंजिनिअरला दाखवल्याशिवाय स्लॅबवर एक पाटीही चढवू नका.

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफचं स्वतंत्र धोरण आणलं. विदर्भातल्या प्रत्येक नगरपालिकेने निदान पत्र्याच्या घरांसाठी एवढं करावं असं मला मनापासून वाटतं. पत्र्याखाली राहणाऱ्याला एसीचा पर्याय नसतोच.

स्लॅबनंतर पश्चिमेची भिंत. तिथल्या खिडकीला आतून जाड पडदा लावून फारसं साधत नाही, कारण काच ओलांडून ऊन घरात आलेलंच असतं. ते बाहेरच अडवायचं. बांबूच्या चिकाचा पडदा, शेडनेट, छज्जा, वेल, जे परवडेल ते, पण खिडकीच्या बाहेर.

मग कूलर. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरइतकं चांगलं यंत्र नाही. दीडदोनशे वॅटमध्ये खोली गार होते, दीड टनाचा एसी त्याच्या सात-आठ पट वीज ओढतो. पण कितीतरी घरांत कूलर लावून समोरची खिडकी बंद करतात आणि मग चिकचिक होते म्हणून कूलरला नावं ठेवतात. कूलर बाहेरची कोरडी हवा आत ढकलतो, तिला बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. आपल्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याने कूलरच्या ताट्यांवर, म्हणजे बाजूच्या ओल्या जाळ्यांवर, क्षार बसतो आणि हवा अडते, म्हणून ताट्या दर हंगामात बदला.

कूलरच्या शॉकने दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात. पाणी भरायच्या आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. लोखंडी बॉडीला अर्थिंग हवंच. आणि घराच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. त्याची किंमत एका चांगल्या पंख्याहून फार वेगळी नसते. तेवढ्यासाठी इलेक्ट्रिशियनला उद्याच बोलवा, उन्हाळ्याची वाट बघू नका.

पंख्याचं गणित सोपं आहे. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे वीस युनिट वाचतात. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांनंतर एकदम चढतो, त्यामुळे शंभरच्या काठावर असलेल्या घराला हे वीस युनिट फार महत्त्वाचे. पंखा खोली थंड करत नाही, आपल्या अंगाचा घाम वाळवतो. खोलीत कोणी नसेल तर त्याचं तिथे काहीच काम नाही.

एवढं करूनही एसी लागलाच, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर तो लागतोच, तर जरूर घ्या. २४ वर ठेवा आणि पंखा सोबत लावा. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरोच सांगतं. पांढऱ्या स्लॅबखाली एक टनाचा पुरतो अशी घरं मी पाहिली आहेत.

आता गिझर, कारण थंडीतलं बिल तिथेच जातं. बादलीभर पाणी, म्हणजे पंधरा लिटर, वीस अंशांनी तापवायला साधारण एक तृतीयांश युनिट लागतं. ते कोणत्याही कंपनीचा गिझर कमी करू शकत नाही. वाया जाते ती वीज दिवसभर चालू ठेवलेल्या टाकीत आणि क्षार चढलेल्या कॉइलवर. दोन वर्षांतून एकदा उघडून साफ करा. पाणी जड असेल आणि सोलर वॉटर हीटर घ्यायचा असेल तर काचेच्या नळ्यांचा घ्या, तांब्याच्या बारीक नळ्या क्षाराने बुजतात. गॅस गिझर मात्र बंद बाथरूममध्ये कधीच बसवू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो आणि घरच्यांना वाटतं अंघोळ चालू आहे.

छतावर सोलर पॅनेल हवेत असं हल्ली बरेच जण म्हणतात. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, घ्या. पॅनेलची सावली स्लॅबवर पडते हा आणखी एक फायदा. फक्त क्रम चुकवू नका. आधी गळती आणि कोबा, मग पॅनेलचा सांगाडा. पॅनेल बसल्यावर खालचं वॉटरप्रूफिंग करायला जागा राहत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. गच्ची सगळ्यांची, ताप मात्र शेवटच्या मजल्याचा. "तुमचं घर तापतं तर तुम्हीच रंगवा" हे वाक्य मी सोसायट्यांच्या बैठकीत ऐकलं आहे आणि ते मला मान्य नाही. गच्चीच्या गळतीचा खर्च सोसायटी करते, कारण गच्ची सामाईक. मग त्याच गच्चीच्या पांढऱ्या रंगाचा खर्चही सामाईक का नको? वरचे लोक ऊन झेलतात म्हणून खालचे सावलीत असतात. मार्चच्या बैठकीत हा विषय लेखी द्या, सोबत दोन पेंटरांचे भाव जोडा. माझ्याकडून स्लॅब बघून घ्यायचा असेल तर अकोल्यात कुठेही रविवारी येईन, पैसे नकोत.