पंप परत घ्या, गोळी द्या

‘दम्याच्या बाळंतिणीने पंप ओढला की त्यातलं स्टिरॉइड दुधात उतरतं, बाळाची वाढ खुंटते. ओढलाच तर चार तास अंगावर पाजू नये. त्यापेक्षा गोळी घ्यावी, ओव्याची धुरी घ्यावी.’ हा मेसेज माझ्या औषधाच्या दुकानात बऱ्याच जणींनी दाखवला. परवा तर लेक बाळंतपणाला आलेल्या एका बाईंनी सीलबंद पंप काउंटरवर ठेवला. ‘दादा, हा परत घ्या, गोळी द्या.’

गोळीचंच आधी बघू. साल्ब्युटामॉल म्हणजे श्वासनलिका मोकळी करणारं औषध. त्याच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची. म्हणजे ४ची एकच गोळी चाळीस दाबांएवढी! पंपाचं औषध थेट श्वासनलिकेत जातं, रक्तात थोडंच मिसळतं. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून अंगभर जाते. हात थरथरतात, छाती धडधडते ते त्यामुळेच. दुधात औषध कमी उतरावं म्हणून गोळी घ्यायची, हा उफराटा हिशेब झाला.

स्टिरॉइडची धास्ती मला समजते, शब्दच तसा बदनाम आहे. पण ब्युडेसोनाइड या स्टिरॉइडचा पंप घेणाऱ्या आयांचं दूध तपासून झालंय. आईच्या रोजच्या डोसच्या सुमारे ०.३ टक्के बाळाकडे जातं. वजनाच्या हिशेबात १० टक्क्यांच्या आतलं प्रमाण सहसा चालतं असं धरतात. तपासलेल्या बाळांच्या रक्तात तर ते मोजण्याइतकंही सापडलं नाही.

चार तासांचं खूळ बहुधा गोळ्यांवरून आलं असावं. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा मोठा डोस पोटातून घ्यावा लागला, तर तीन-चार तास थांबायचा सल्ला काही डॉक्टर देतात. तो पंपाला लागू नाही. तान्हं बाळ दर दोन-तीन तासांनी पितं. चार तास थांबवलं तर आईची छाती दगडासारखी होते आणि घरात पावडरचा डबा येतो.

जपायचं ते थिओफिलिन या दम्याच्या गोळीला. ती चहा-कॉफीतल्या कॅफिनच्या भावकीतली. बाळ किरकिरं होऊ शकतं, झोपत नाही. ही गोळी चालू असेल तर डॉक्टरांना ‘मी अंगावर पाजते’ हे आधी सांगा, चहाही आवरता घ्या.

राहिली धुरी. बंद खोलीत निखाऱ्यावर ओवा-वावडिंग टाकायचं आणि दम्याच्या बाईला त्यात बसवायचं! शेजारी बाळ.

बाईंना पंप परत दिला. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, कसा लावायचा ते दाखवलं, पंप ओढल्यावर चूळ भरायला सांगितली. धुरीचं काढल्यावर म्हणाल्या, ‘ते आमच्या सासूबाईंना तुम्हीच सांगा.’